धाकटीची उडी

नमस्कार मंडळी. आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायचंय, आणि तेही रेडिओवरून. ज्याची सगळी कीर्ती डोळ्यांसाठी आहे, ते तुम्हाला कानांनी दाखवायचं म्हणजे पंचाईतच. पण बघू कसं जमतंय ते.

खेळाचं नाव 'एको द डॉल्फिन'. एको म्हणजे त्यातला डॉल्फिन. 1992 साली सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हवर हा खेळ आला. टीव्हीला जोडायचं ते काळं यंत्र, वरच्या खाचेत कॅसेट खोचायची. खरं तर ती कार्ट्रिज, पण आम्ही तिला कॅसेटच म्हणायचो आणि आजही तेच म्हणणार. कल्पना एड अनुन्झियाटा यांची, आणि तयार केला हंगेरीतल्या नोव्होट्रेड नावाच्या कंपनीनं. हंगेरीला समुद्रकिनारा नाही, हे मला फार गमतीचं वाटतं. ज्यांच्या देशाला समुद्र नाही त्यांनी असला समुद्र करून ठेवला!

समुद्र कसला, तर निळा. पण एकच निळा नाही. वर उन्हाचा, मधे शाईचा, खाली गेलं की जवळजवळ काळा. मेगा ड्राइव्हला एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त 64 रंग दाखवता यायचे, आणि तेही एकूण 512 रंगांतून निवडून. आजच्या साध्या फोनवर कोटींच्या घरात रंग असतात. त्या 64 रंगांत प्रवाळ, जेलीफिश, वरून झिरपणारं ऊन, सगळं बसवलंय. आणि त्यातून तो डॉल्फिन असा वळतो, असा सुळकन जातो, की नुसतं इकडून तिकडे पोहत राहावंसं वाटतं. त्याच्या कपाळावर पाच तारे आहेत, डेल्फिनस तारकासमूहाच्या आकाराचे. आपण ज्याला धनिष्ठा म्हणतो, तोच तो समूह.

आणि हो, डॉल्फिन. डॉल्फिन मासा नाही. ऐकताय ना? मासा नाही! अजूनही 'डॉल्फिन मासा' असं सर्रास छापलेलं दिसतं आणि माझं डोकं उठतं. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वर-खाली. मासा पाण्यातच श्वास घेतो, डॉल्फिनला हवेसाठी वर यावं लागतं. त्याची पिल्लं आईचं दूध पितात. आणि हा मुद्दा मी उगाच काढलेला नाही, कारण या खेळात जो काही छळ आहे त्यातला निम्मा त्या श्वासातच आहे. पडद्याच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या असतात. एक जिवाची, एक हवेची. लक्षात ठेवा, दोन पट्ट्या. हवेची संपली की जिवाची उतरायला लागते, आणि तुम्ही त्या वेळी कुठल्यातरी भुयारात, तिसऱ्या वळणावर असता.

आता ती गोष्ट सांगतो. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच हा विषय घेतला.

मामानं ते यंत्र आमच्याकडे आणलं, तेव्हा सोबत एकच कॅसेट होती. खोका नाही, माहितीपुस्तिका नाही. माझा एक मावसभाऊ आमच्याकडे राहायला आला होता. माझ्याहून वर्षानं मोठा, म्हणून आपोआप तज्ज्ञ. आणि माझी धाकटी बहीण, वय वर्षं सहा. तिला रिमोट मिळायचा नाही. 'तुला नंतर,' एवढंच. ते नंतर कधी यायचंच नाही.

खेळ सुरू झाला. एक छोटीशी निळी खाडी. एको आणि त्याच्या कळपातले बाकीचे डॉल्फिन. शांत संगीत. आम्ही पोहलो. डावीकडे गेलो, वाट बंद. उजवीकडे गेलो, वाट बंद. तळाशी गेलो, वाळू. शत्रू नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. एक बटण दाबलं की एको शीळ घालतो, आणि ती शीळ दुसऱ्या डॉल्फिनला लागली की तो काहीतरी बोलतो. त्यातला एक इंग्रजीत विचारायचा, तू आकाशात किती उंच उडू शकतोस? मावसभावानं ते वाचलं आणि म्हणाला, 'सोड रे, गप्पा मारतायत.'

दोन दिवस. मंडळी, दोन दिवस आम्ही त्या खाडीत फिरत होतो. प्रत्येक खडकाला धडका मारल्या. प्रत्येक माशाला शीळ घालून पाहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावसभावानं निकाल दिला, 'हा गेम नाहीच आहे. फिश टँक आहे.' मलाही पटलं. इतकं सुंदर काहीतरी आणि करायचं काहीच नाही, म्हणजे फिश टँकच असणार.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं जेवायला उठलो आणि रिमोट जमिनीवर राहिला. धाकटीनं तो उचलला. तिला काही शोधायचं नव्हतं, जिंकायचंही नव्हतं. तिला डॉल्फिनला उडी मारायला लावायचं होतं, बस. ती त्याला पार तळाशी घेऊन गेली, तिथून सरळ वर सोडला, आणि तो पाण्याबाहेर उंच, आम्ही कधी पाहिला नव्हता इतका उंच उडाला.

आणि आतून असा काही आवाज आला, की आम्ही ताटावरून उठून पळत गेलो. पडद्यावर वादळ. पाणी वर ओढलं जातंय, मासे वर, शिंपले वर, सगळे डॉल्फिन वर. मग एकदम सगळं थांबलं. एको तेवढा परत पाण्यात पडला. खाडी तीच, निळा तोच, पण एक मासा शिल्लक नाही. संगीतही बदललं.

धाकटी दोन्ही हातांनी रिमोट धरून बसली होती. म्हणाली, 'मी काही नाही केलं.' मग आमच्याकडे बघितलं आणि रडायला लागली. 'माझ्यामुळे गेले.' मावसभाऊ तिच्यापुढे गुडघ्यावर बसला, आणि समजूत घालायची सोडून काय विचारतो, तर 'काय दाबलंस? नीट आठव, काय दाबलंस?' त्याला बिचाऱ्याला कोडं सुटल्याचा आनंद आवरत नव्हता. तेच तर करायचं होतं! तो डॉल्फिन दोन दिवस आम्हाला तेच सांगत होता, किती उंच उडतोस म्हणून. पण हे तिला कोण समजावणार? तिनं मला विचारलं, 'दादा, ते परत येतील ना?'

मी म्हणालो, 'हो. आपण आणू.'

झालं. शब्द दिला. आणि मग कळलं की शब्द कशाला दिला.

कारण त्या खाडीबाहेर सगळी छळछावणीच होती. पाण्याखालच्या गुहा आल्या. मी खेळत असताना धाकटी माझ्या शेजारी श्वास रोखून बसायची, खराखुरा. एकोची हवा संपेपर्यंत तिची कधीच संपलेली असायची. मग ती गाल फुगवूनच माझी बाही ओढायची. वर जा. वर कुठून जाणार, वर दगड! एको गेला की टप्पा पहिल्यापासून. पुन्हा तीच गुहा, तेच वळण, तोच काटेरी प्राणी. त्या गुहांत एक भलाथोरला ऑक्टोपस वाट अडवून असतो. आम्ही दोघांनी त्याच्यावरून वेगानं जायचा किती वेळा प्रयत्न केला, मोजदाद नाही. दर वेळी फटका. शेवटी धाकटी म्हणाली, 'पळता कशाला? त्याला कळणार नाही असं जा ना.' आणि खरंच तसंच आहे. हळू गेलं की तो काही करत नाही. हळू! ते आम्हाला सुचलं नाही, सहा वर्षांच्या मुलीला सुचलं.

पासवर्ड लिहायचं काम तिचं. तेव्हा खेळ आपोआप जतन होत नसे. प्रत्येक टप्प्याला इंग्रजी अक्षरांचा एक पासवर्ड मिळायचा, आठ अक्षरांचा, तो उतरवून ठेवायचा. ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायची. नुकतीच इंग्रजी अक्षरं शिकली होती. एकदा पासवर्ड लागेचना. आम्ही तिघं त्या पानावर वाकून बसलो. शेवटी लक्षात आलं, तिनं वही आडवी धरून लिहिलं होतं आणि तिचा एन झाला होता झेड. हल्ली सगळीकडे पासवर्ड मागतात, त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि तीन महिन्यांनी बदलाही. त्यापेक्षा गणिताच्या वहीतला तो झेड जास्त सुरक्षित होता, माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही बर्फाच्या समुद्रापर्यंत पोचलो. तिथे मावसभावाची सुट्टी संपली, काही दिवसांनी मामा यंत्र घेऊन गेला, आणि कळप राहिला वरच.

बरं, हा खेळ इतका अवघड का? कारण तो मुद्दाम अवघड केला होता. अनुन्झियाटा यांनी पुढे स्वतःच हे सांगितलंय. त्या काळी अमेरिकेत गेम भाड्यानं मिळायचे. मुलं शुक्रवारी आणणार, शनिवार-रविवारात संपवणार आणि परत देणार, मग विकत कोण घेणार? ही त्यांची धास्ती. म्हणून अवघड. म्हणजे आम्ही त्या गुहेत गुदमरत होतो ते दुसऱ्याच देशातल्या भाड्याच्या दुकानांपायी! ज्यांनी भाड्यानं आणला नव्हता त्यांनी काय पाप केलं होतं?

दुसरं कारण, खेळ काही सांगत नाही. समुद्रात जागोजागी स्फटिकासारखे शिलालेख आहेत. शीळ घातली की एखादा बोलतो, एखादा वाट अडवतो, आणि अडवणाऱ्याला हटवायला आधी दुसरा शोधावा लागतो. शीळ दाबून धरली तर तिचा प्रतिध्वनी परत येतो आणि आसपासचा नकाशा दिसतो. नाव एको, त्याची किल्लीही प्रतिध्वनीत. मला हे फार आवडतं. पण बटण दाबून धरायचं हे आम्हाला कळलं कधी? बर्फाच्या अलीकडे!

त्याचा पुढचा मोठा अवतार 2000 साली ड्रीमकास्ट या यंत्रावर आला. गोष्ट डेव्हिड ब्रिन या विज्ञानकथालेखकाची. आता समुद्राला खरी खोली आली, चारी बाजूंनी पाणी. त्या काळात पडद्यावर इतकं सुंदर पाणी क्वचितच दिसलं असेल. आणि छळ? तोही वाढला. पूर्वी रस्ता डावा-उजवा आणि वर-खाली एवढाच चुकायचा. आता तो पुढे-मागेही चुकायला लागला. नजर एकीकडे, डॉल्फिन दुसरीकडे, शार्क नेमका पाठीमागे.

याच्या उलट टोकाला 2016 चा 'अब्झू'. त्यात पाणबुड्या मरतच नाही. हवेची पट्टी नाही, जिवाची पट्टी नाही. हजारो माशांचे थवे, अप्रतिम संगीत. फार सुंदर. मला अर्ध्या तासात झोप लागली. मी भांडखोर असेन, पण ज्या पाण्यात गुदमरत नाही ते मला पाणी वाटत नाही. वर येऊन घेतलेला तो एक श्वास, फुस्स करून, त्याचं सुख एकोलाच.

शेवट मी अलीकडे पाहिला. पाहिला म्हणतोय, खेळलो नाही. दुसऱ्या कुणीतरी खेळलेला, व्हिडिओवर. एको अटलांटिसच्या बुडालेल्या शहरात जातो, तिथल्या यंत्रातून साडेपाच कोटी वर्षं मागे जातो, आणि शेवटी परग्रहावरच्या शत्रूच्या यंत्रात शिरतो. तिथे पडदा आपोआप सरकत राहतो, कुठे सरकणार ते सांगत नाही, आणि भिंत आणि पडद्याची कड यांत सापडलात की चिरडलात. त्यापुढे राणी. राणीकडे हरलात की पुन्हा यंत्रापासून. खेळणाऱ्याचे हात दिसत नव्हते, पण थरथरत असणार. माझे थरथरत होते, नुसतं बघून.

आणि तिथे ते कळलं. ते वादळ म्हणजे त्या परग्रहवासीयांची कापणी. दर 500 वर्षांनी, ग्रह एका रांगेत आले की ते पृथ्वीच्या समुद्रातून आपलं अन्न ओढून घेतात. दर 500 वर्षांनी. म्हणजे कुणी उडी मारो वा न मारो.

वेळ संपत आली, समोरून खूण झाली आहे. धाकटी सहसा हा कार्यक्रम ऐकते. तेव्हा ऐक. वादळ तुझ्या उडीमुळे नव्हतं आलं, त्याचा दिवस ठरलेला होता. आणि ते परत येतात. सगळे येतात. मी आणले नाहीत, तेवढं मात्र कबूल करतो. वही तुझ्याकडेच असेल तर बर्फाचा पासवर्ड काढून ठेव, आडवी धरून.