बावची, ऊन आणि प्लेटलेटची पिशवी

रात्रीचे दोन वाजलेत. ब्लड बँकेच्या काचेपलीकडे एक मशीन चालू आहे, त्यातले ट्रे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हळूहळू हलतायत, अजिबात थांबत नाहीत. त्यावर ज्या फिकट पिवळ्या पिशव्या पडल्यात त्या प्लेटलेट्सच्या. ज्यांच्या घरात डेंग्यू येऊन गेलाय त्यांना हा रंग सांगायला नको. माझ्या मामाच्या वेळी मी अशाच एका काचेसमोर बसलो होतो, हातात डॉक्टरांनी दिलेला फॉर्म, आणि डोक्यात एकच की बॅग मिळू दे. त्या बॅगेतून अजून काय काय येऊ शकतं हे तेव्हा मनात पण आलं नाही.

प्लेटलेट्सची गंमत अशी आहे की त्यांना फ्रिज चालत नाही. लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभर टिकतात, पण प्लेटलेट्स गार केल्या की त्यांचा आकार बदलतो आणि पेशंटला दिल्यावर शरीर त्यांना लगेच बाहेर काढतं. म्हणून 20 ते 24 डिग्रीला ठेवायच्या, सतत हलवत, आणि साधारण 5 दिवसांत वापरायच्या. आता विचार करा, डोनरच्या दंडावर सुई टोचताना त्वचेवरचा एखादा बॅक्टेरिया आत गेला तर त्याला ही ऊब म्हणजे मेजवानीच. आणि विषाणू तर डोनरच्या रक्तातच असू शकतो, कारण माणसाला कधी कधी ताप यायच्या आधीच तो रक्तात फिरत असतो, रक्त देताना माणूस अगदी ठणठणीत. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी तपासणी बंधनकारक आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया त्या यादीत नाहीत.

मग पिशवीच साफ करून घेतली तर? उकळता येत नाही, गाळून विषाणू जात नाहीत. इथे येतो प्रकाश, पण त्याआधी मला बावचीबद्दल सांगायचंय.

बावची म्हणजे ते काळपट छोटं बी, कोडाच्या डागांवर आयुर्वेदात पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलेलं. बावचीचं तेल डागावर लावायचं आणि उन्हात बसायचं. नुसतं तेल लावून किंवा नुसतं ऊन घेऊन तसा परिणाम होत नाही, दोन्ही एकत्र लागतात, आणि जास्त झालं तर चांगले फोड येतात, त्यामुळे घरी प्रयोग करू नका. त्या बियांमधलं रसायन म्हणजे सोरालेन, त्याचं नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडलंय, सोरालिया. हा रेणू डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये जाऊन बसतो, आणि अल्ट्राव्हायोलेट ए, म्हणजे 320 ते 400 नॅनोमीटरचा प्रकाश पडला की दोन्ही बाजूंना चिकटतो, पक्का. डीएनएची कॉपी करायची तर ती शिडी बॅगेच्या चेनसारखी उघडावी लागते, आणि इथे तर चेन मध्येच शिवून टाकलेली! कॉपी नाही म्हणजे वाढ नाही.

1987 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या रिचर्ड एडलसन यांच्या टीमने हीच युक्ती थेट रक्तावर वापरली. त्वचेत पसरणाऱ्या एका लिम्फोमाचे, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचे पेशंट होते, त्यांचं रक्त बाहेर काढून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, सोरालेनच्या संगतीने प्रकाश दिला आणि परत शरीरात सोडल्या. पुढच्याच वर्षी तिथे मान्यता मिळाली. याला फोटोफेरेसिस म्हणतात.

प्लेटलेटच्या पिशवीत मात्र वेगळीच सोय निसर्गानेच करून ठेवलीये आणि मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर हीच गोष्ट वाटते. प्लेटलेटला न्यूक्लियस, म्हणजे डीएनए ठेवणारं केंद्रक, नसतो. कॉपी करायचंच नाहीये तिला, फक्त रक्त थांबवायचंय. म्हणून अमोटोसालेन नावाचं, सोरालेनच्याच घराण्यातलं औषध पिशवीत घालायचं, ट्रेमध्ये ठेवून काही मिनिटं प्रकाश द्यायचा, की विषाणू, बॅक्टेरिया, डोनरच्या उरल्यासुरल्या पांढऱ्या पेशी, सगळे अडकतात आणि प्लेटलेट्स आपलं काम करायला मोकळ्या. मग उरलेलं औषध शोषून घेणाऱ्या दुसऱ्या पिशवीत काही तास ठेवतात. याच कामासाठी दुसऱ्या एका पद्धतीत ब-2 जीवनसत्त्व वापरतात, दह्यावरच्या निवळ पाण्याला जो हिरवट-पिवळा रंग असतो ना, तेच.

याची खरी परीक्षा झाली 2006 साली, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर. फ्रान्सचं बेट, साडेसात लाखांच्या आसपास वस्ती, आणि चिकुनगुनियाने तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांना गाठलं. (त्याच वर्षी आपल्याकडे मालेगावपासून किती गावं सांध्यांनी आखडली होती आठवतंय? 1973 ला बार्शीत साथ येऊन गेली होती, त्यानंतर तीसेक वर्षं शांतता आणि मग देशभरात जवळपास 14 लाख संशयित केसेस.) बेटावर रक्तदान थांबवावं लागलं. लाल पेशी 9,000 किलोमीटरवरून, फ्रान्समधून विमानाने आणल्या. पण 5 दिवस टिकणाऱ्या प्लेटलेट्स कशा आणणार, त्यातले एक-दोन दिवस तर तपासणी आणि प्रवासातच जातात. मग तिथल्याच डोनरकडून प्लेटलेट्स घेतल्या, अमोटोसालेन घालून प्रकाश दिला आणि पेशंटना दिल्या. साथ चालू असताना!

पुढे स्वित्झर्लंडने 2011 पासून देशातल्या सगळ्या प्लेटलेट्सना हे लागू केलं, अमेरिकेने डिसेंबर 2014 मध्ये मान्यता दिली.

सगळं जमतं असं नाही. हिपॅटायटिस ए, पार्व्होव्हायरस असे काही कडक कवचाचे विषाणू यातून सुटतात. प्रक्रियेत थोड्या प्लेटलेट्स वाया जातात. लाल पेशींना हा प्रकाश लागूच पडत नाही, हिमोग्लोबिनच तो पिऊन टाकतं. आणि खर्च आहे, प्रत्येक पिशवीमागे वेगळा किट लागतो.

माझं म्हणणं एवढंच की सगळ्यांना लगेच नाही परवडलं तरी रक्ताच्या कॅन्सरची जी मुलं आहेत, केमो चालू असताना ज्यांना पुन्हा पुन्हा प्लेटलेट्स चढवाव्या लागतात, सुरुवात त्यांच्यापासून करा. त्यांच्या पांढऱ्या पेशी आधीच तळाला गेलेल्या असतात, पिशवीतला जो बॅक्टेरिया माझ्या मामाच्या अंगाने सहज परतवला असता, तोच या पोरांना एका रात्रीत आयसीयूत नेतो.