नवसागराचा धूर आणि क्लोराइडचं नाव

नमस्कार श्रोतेहो. आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे क्लोराइड. सोडियमची क्लोरिनशी जोडी जमली की सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं रोजचं मीठ. आणि नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड.

नवसागर म्हटलं की मला आमच्या गल्लीतला कल्हईवाला आठवतो. पावसाळा सरला की तो पिंपळाखाली खड्डा खणायचा, भाता जोडायचा, कोळसे फुलवायचा. आजी मला पितळी पातेलं देऊन पिटाळायची. पातेलं चांगलं तापलं की तो कथलाची कांडी आतून टेकवायचा, चिमूटभर नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्यानं गरकन फिरवायचा. भस्सकन पांढरा धूर! नाक झोंबायचं, डोळ्यांना धार लागायची, आणि धूर विरला की आत नुसती चांदी. मग पाण्यात बुडवलं की चर्र. कल्हईच्या पातेल्यातल्या आमटीची चव स्टीलच्या भांड्यात येत नाही, हे मी आजही भांडून सांगेन. कल्हई उडालेली असली तर मात्र तीच आमटी कळकते.

पुढे आठवीत सरांनी परीक्षानळीत पांढरी पूड तापवली. तोच वास! मी ओरडलो, "सर, कल्हई!" सर रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर, हा नवसागरच. तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो पितळेवरचा काळा थर खाऊन टाकतो, म्हणून कथील धरतं." आणि फळ्यावर लिहिलं: क्लोरॉस.

क्लोरॉस हा ग्रीक शब्द. अर्थ पिवळसर हिरवा. पुन्हा सांगतो, पिवळसर हिरवा. आज आपण ज्याला क्लोरिन म्हणतो, तो याच रंगाचा वायू. तो स्वीडनमध्ये शील या रसायनशास्त्रज्ञांनी १७७४ साली मिळवला. पण त्यात ऑक्सिजन आहे, असंच पुढे बरीच वर्षं रसायनशास्त्रज्ञ धरून चालले. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी त्या वायूत कोळसा पांढरा धगधगेपर्यंत तापवला, तरी ऑक्सिजनचा पत्ता नाही. मग १८१० साली त्यांनी सांगून टाकलं, हे मूलद्रव्यच आहे. नाव दिलं रंगावरून, क्लोरिन. क्लोराइडमधलं 'आइड' आलं ऑक्साइडच्या धर्तीवर.

म्हणून मीठ पांढरं, नवसागर पांढरा, तरी दोघांच्या नावात हिरवा रंग. पानातल्या क्लोरोफिलमधलं 'क्लोरो'ही हेच, पिवळसर हिरवं. त्याच्या रेणूत मात्र क्लोरिनचा एकही अणू नाही.