आलमारी का कपाट?

नमस्कार मंडळी. आज आलमारीबद्दल बोलू. हो, आलमारीच, कारण मी नागपूरचा आहे, आणि आपल्याकडे कपाट कोणी म्हणत नाही ना. पुण्याकडचे पाहुणे आले की हमखास म्हणतात, हा तर हिंदी शब्द झाला. आपणही मान डोलावतो, शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, आलं असेल तिकडूनच.

आपल्या तोंडी तो हिंदीतूनच बसला असेल, पण मूळ पाहाल तर तो हिंदीचाही नाही हो. पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे आर्मारिओ, बोलताना कधी आल्मारिओ, आणि त्याच्याही मागे लॅटिन आर्मारियम, म्हणजे हत्यारं-अवजारं ठेवायची पेटी, आर्मा म्हणजे शस्त्र. १५१० ला गोवा घेतलं, १५३४ ला वसई, तिथून हा शब्द जो निघाला तो बंगालीत आलमारि, तमिळमध्ये अलमारि, पार मलायापर्यंत अल्मारी म्हणून जाऊन बसला. फ्रेंच आर्म्वारही याच घरातलं. शस्त्रांच्या पेटीत आपण पैठण्या आणि डांबराच्या गोळ्या ठेवतो, ठेवा बाप्पा.

आता कपाट. शब्द अस्सल संस्कृत, पण त्याचा अर्थ दाराची फळी, नुसतं दार. कवाड हे त्याचंच घासून झालेलं रूप. म्हणून तर हिंदी बातम्यांत दरवर्षी केदारनाथचे कपाट उघडतात, तिथे कोणी साड्या काढत नाही! पुढे कधीतरी दाराचं नाव आख्ख्या वस्तूला चिकटलं. आणि इंग्रजी कबर्डवरून कपाट आलं असं कोणी सांगितलं तर सोडून द्या, कबर्ड मुळात कप मांडायची उघडी फळी होती, तिला दार पण नव्हतं.

याच्याही आधी आपल्या वाड्यांत भिंतीतच फडताळ राहायचं, लाकडी दारं, कडी-कोयंडा, झालं.

लोखंडी आलमारी मात्र अलीकडची. गोदरेजनं १८९७ मध्ये मुंबईत कुलपं करायला सुरुवात केली, मग तिजोऱ्या, आणि १९२३ पासून स्टीलची आलमारी. तेव्हापासून गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्यानं केली असली तरी लोक तिला गोदरेजच म्हणतात. तिची खरी गंमत हँडलमध्ये आहे, ते फिरवलं की दाराच्या आतल्या दोन सळया, एक वर एक खाली, चौकटीच्या भोकात जाऊन बसतात आणि मग किल्ली फक्त ते हँडल अडवून धरते, म्हणून हँडल नीट शेवटपर्यंत फिरलं नाही तर किल्ली फिरतच नाही आणि आपण उगाच किल्लीला शिव्या घालतो. आत आणखी एक छोटा कप्पा, त्याला आपण लॉकर म्हणतो, त्याची किल्ली वेगळी, आणि ती बहुतेक घरांत त्याच आलमारीत साड्यांच्या घडीखाली राहते, हे चोरालाही माहीत आहे.

आपण चाबी म्हणा की चावी, तीही पोर्तुगीजच, शावे वरून. कुलूप मात्र अरबी, मूळ शब्द कुफ्ल, आपल्या तोंडात फ आणि ल नं जागा बदलल्या. म्हणजे अरबी कुलपात पोर्तुगीज चाबी घालून पोर्तुगीज आलमारी उघडायची, आणि भांडण कशावर, तर मराठी शब्द कोणता यावर!