कॉन्स्टंटाईन की खालिद?

(भारताच्या फुटबॉल संघाचा कोच कोण व्हावा यावर भांडणाऱ्या, बेळगावातल्या फुटबॉलप्रेमींवरच्या लघुमाहितीपटाचं निवेदन)

दृश्य : टिळकवाडी, दुसरं रेल्वे गेट. गेट पडलेलं. पावसात थांबलेल्या गाड्या.

गेट पडलं की टिळकवाडीत गप्पांना जोर येतो. रेल्वे यायला अवकाश असतो, गाड्या बंद करून माणसं रेनकोटातूनच एकमेकांची विचारपूस करतात. बाजूच्या चहाच्या गाड्यावर मात्र गेट उघडं असो की बंद, संध्याकाळी तीच मंडळी असतात. कुणी अनगोळचा, कुणी शहापूरचा, कुणी कॅम्पातला. बोलणं मराठीत, मध्येच कन्नड, रंगात आलं की कोकणीही. विषय फुटबॉल.

बेळगावचा फुटबॉलवाला तीन दिशांना बघतो. चोर्ला घाट उतरला की गोवा. हायवेनं वर गेलं की कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाची मॅच असली की इथल्याही गाड्या तिकडं वळतात. आणि पाचशे किलोमीटरवर बेंगळुरू, सुनील छेत्रीचा क्लब. त्यामुळं एकाच बाकड्यावर एफसी गोवाची केशरी जर्सी आणि बेंगळुरू एफसीची निळी जर्सी खेटून बसलेली दिसते.

पण ही चित्रं जुलै २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातली आहेत, आणि या आठवड्यात दोन्ही जर्सींचं भांडण बाजूला पडलंय. भारताच्या संघाला कोच नाही.

दृश्य : बाकड्यावर पसरलेलं वर्तमानपत्राचं क्रीडापान. पानावर चहाचा डाग.

कोच का नाही, हे इथं लहान पोरालाही तोंडपाठ आहे. मानोलो मार्केझ हा स्पेनचा माणूस एफसी गोवाचाही कोच होता आणि देशाचाही. गोव्याचा कोच देशाचा कोच झाला म्हणून इथल्या गोवावाल्यांनी केवढं कौतुक केलं होतं! पण भारतासाठी आठ सामन्यांत त्याच्या वाट्याला विजय आला तो एकच, मालदीवविरुद्धचा. आशिया कपाच्या पात्रता फेरीत शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी. मग १० जूनला हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर हार. २ जुलैला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि मार्केझ परस्पर संमतीनं वेगळे झाले. त्याच महिन्यात फिफाच्या जागतिक क्रमवारीत भारत १३३ वर घसरला.

महासंघानं अर्ज मागवले. १७० आले. भारताचे जुने खेळाडू आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक समितीनं त्यातून तीन नावं काढली. इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्लोव्हाकियाचे स्टेफान टार्कोविच आणि आपले खालिद जमील.

टार्कोविचनी स्लोव्हाकियाचा संघ युरो स्पर्धेत उतरवला होता, नंतर किरगिझस्तानचा संघ सांभाळला. गाड्यावर त्यांची बाजू घेणारा कुणी सापडला नाही. भांडण उरलेल्या दोघांवर.

दृश्य : निवृत्त सुभेदार. टोपी काढून पाणी झटकतात. क्लोज-अप.

हे मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त सुभेदार. पलटणीच्या संघात स्टॉपर खेळले. गाड्यावर त्यांना सगळे काका म्हणतात आणि त्यांचं बोलणं मध्येच तोडत नाहीत.

आवाज, सुभेदारकाका : "कॉन्स्टंटाईनला आणा. आपण एकशे त्र्याहत्तरवर हुतो, त्यानं शंभराच्या आत आणलं. एवढी उडी दुसऱ्या कुणी मारून दाखवली काय? मग काय बोलूलाल्यात हे?"

काकांचा हिशेब चोख आहे. कॉन्स्टंटाईन पहिल्यांदा आले २००२ मध्ये. त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये एलजी कप जिंकला, पुढच्या वर्षी हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत रौप्य. दुसऱ्यांदा आले २०१५ मध्ये, तेव्हा भारत मार्चमध्ये १७३ वर होता, आणि जुलै २०१७ मध्ये ९६ वर. जानेवारी २०१९ मध्ये आशिया कपात थायलंडवर ४-१. बहरीनशी बरोबरी झाली असती तर बाद फेरी होती. ९१ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल खाल्ला, आणि सामना संपताच कॉन्स्टंटाईननी राजीनामा दिला.

आवाज, केशरी जर्सीतला तरुण : "काका, ते परवापर्यंत पाकिस्तानचे कोच हुते की."

सुभेदारकाका : "हुते तर हुते. नोकरी हाय ती. पोटासाठी माणूस कुठंबी जातोय. मी सियाचीनला गेलतो, हौसेनं गेलतो काय?"

ज्या माणसानं ऐन तारुण्य सीमेवर काढलं, त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर तरुणाकडे उत्तर उरत नाही. तो दुसरा मुद्दा काढतो, की कॉन्स्टंटाईनच्या काळात ज्येष्ठ खेळाडू नाराज होते, तसं छापूनही आलं होतं. काका म्हणतात, शिस्त लावली की नाराजी येतेच. इथं रेल्वे येते, आणि डबे जाईपर्यंत कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.

दृश्य : धडधडत जाणारी रेल्वे. डब्यांमधल्या फटीतून गाड्यावरचे हातवारे.

खालिद जमील यांची बाजू मांडणारा हा केशरी जर्सीतला तरुण मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्याची बाजू आम्ही इथं जरा सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट आपल्याकडं पुरेशी सांगितली गेलेली नाही.

खालिद यांचा जन्म कुवेतचा, खेळणं मुंबईचं. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुढं मुंबई एफसी, भारताची जर्सीही. खेळणं थांबल्यावर ते मुंबई एफसीचे कोच झाले आणि २००९ ते २०१६ तिथंच राहिले. पैसा कमी, मोठं नाव एकही नाही, आणि तरी दरवर्षी क्लब आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, टिकवून ठेवायचा. हे काम ज्यानं केलं असेल त्यालाच कळतं. दहाव्या नंबरवरून नवव्यावर यायला जी मेहनत लागते तिची बातमी होत नाही. २०१६ मध्ये त्यांना काढलं.

त्याच वर्षी मिझोरामचा आयझॉल एफसी आय-लीगमधून खाली गेला होता. मग गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तीन क्लबांनी लीगच सोडली, आणि आयझॉलला परत आत घेतलं गेलं. आयझॉलनं कोच म्हणून खालिदना बोलावलं. ३० एप्रिल २०१७, शिलाँग. तिथल्या लाजाँग क्लबविरुद्ध शेवटचा सामना, विजेतेपदासाठी एक गुण हवा. आयझॉल पिछाडीवर पडला, मग बरोबरी साधली, १-१. आदल्या वर्षी लीगमधून खाली गेलेला क्लब मोहन बागानला मागे टाकून देशाचा विजेता झाला. ईशान्येकडच्या क्लबानं देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

बेळगावात त्या दिवसाची आठवण वेगळी आहे. गोव्याचे जुने क्लब लीगमधून गेले, गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आय-लीग बघायला जाणं थांबलं, आणि त्या रिकाम्या जागेतून आलेला आयझॉल जिंकला. गाड्यावरचा साळगावकरचा एक जुना चाहता ते सांगताना कॅमेऱ्याकडं बघत नाही.

दृश्य : त्याच चाहत्याचा चेहरा. निवेदन थांबतं.

आयझॉलनंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड. परदेशी कोचला मध्येच काढायचं आणि उरलेल्या सामन्यांपुरतं खालिदना बसवायचं, हे नॉर्थईस्टमध्ये घडलं. २०२०-२१ मध्ये त्यांनी तो संघ प्लेऑफमध्ये नेला, तेव्हा कुठं आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, पूर्णवेळ मुख्य कोच झालेले ते पहिले भारतीय ठरले. मग जमशेदपूर. मे २०२५ मध्ये सुपर कपची अंतिम फेरी, जिथं त्यांना ३-० हरवलं ते मार्केझच्या एफसी गोवानंच.

केशरी जर्सी घालून खालिदसाठी भांडणाऱ्या या तरुणाला आम्ही ती अंतिम फेरी आठवून दिली.

आवाज, तरुण : "हरवलं की आम्हीच. पण त्यांची टीम बघा, आमची बघा. एवढ्यात एवढं करणारा कोच मला दुसरा दाखवा."

दृश्य : सकाळ. कॅम्पातलं मैदान. पावसात सराव.

अनुभव म्हणतात तो कशात मोजायचा, हे बघायचं तर सकाळी सहाला या मैदानावर यावं. गोलपोस्टसमोर घोटाभर चिखल. रेघांसाठी फक्की मारली तर पाच मिनिटांत वाहून जाते, म्हणून शाळेच्या पीटीच्या सरांनी वखारीतून लाकडाचा भुसा आणलाय. पोत्याचं तोंड सैल सोडायचं आणि पाठमोरं चालत राहायचं. काळ्या मातीवर भुशाची पिवळसर रेघ उठते. थोडी वाकडी येते, पण सराव संपेपर्यंत टिकते. पेनल्टीची खूण सर स्वतः करतात, गोललाईनवरून बारा पावलं मोजून, आणि तिथं भुसा मुठीनं दाबून बसवतात.

पलीकडं डिफेन्सची पोरं दोरीला धरून उभी आहेत. एक सरकला की चौघांनी सरकायचं, दोरी ढिली पडता कामा नये. सर ओरडतात मराठीत, एका पोराला कन्नडमध्ये, गोलकीपरला उर्दूत. शाळेकडून त्यांना पगार मिळतो तो पीटीच्या तासांचा. फुटबॉल त्याआधी आणि त्यानंतर. त्यांच्याकडं महासंघाचं डी लायसन्स आहे. त्याच्या वर सी, मग बी, मग ए, सगळ्यात वर प्रो. देशाचा संघ सांभाळायचा तर ही शिडी शेवटपर्यंत चढावी लागते. खालिद जमील चढले. सरांना सी लायसन्सला जायचंय, पण कोर्सला लागणाऱ्या रजेचं अजून जमलेलं नाही.

देशाचा कोच कोण व्हावा, असं आम्ही त्यांना विचारलं.

आवाज, सर : "आपल्यातला एक जण तिथं बसला की खाली शिकवणाऱ्याला वाटतं, इथून तिथं रस्ता आहे. एवढंच सांगतो. ए, दोरी सोडू नको रे!"

दृश्य : पुन्हा गाडा. चार डोकी एका मोबाईलवर.

२६ जुलैला गाड्यावर वेगळीच धांदल. बार्सिलोनाचा झावी भारताचा कोच व्हायला तयार आहे, त्याचा अर्ज आलाय, अशी बातमी आदल्या दिवसापासून फिरत होती. महासंघाला तो पैशात परवडणार नाही म्हणे. पोरांनी झावीला फॉर्मेशनही ठरवून दिली. दिवस मावळायच्या आत महासंघाचा खुलासा आला की झावी आणि पेप ग्वार्डिओला यांच्या नावानं आलेले ई-मेल खरे असल्याची खात्री पटलेली नाही. पुढं कळलं की ते एका विद्यार्थ्याचे उद्योग होते. सुभेदारकाकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा कॉन्स्टंटाईनचा विषय काढला.

दृश्य : १ ऑगस्ट. मोबाईलवर बातमी. आरडाओरडा.

१ ऑगस्टला महासंघाच्या कार्यकारी समितीनं खालिद जमील यांची निवड केली. गोव्याच्या साव्हिओ मदेरा यांच्यानंतर, म्हणजे २०११-१२ नंतर, भारताच्या संघाला प्रथमच भारतीय मुख्य कोच. तरुणानं सगळ्यांचे चहाचे पैसे दिले. काकांचेही.

दृश्य : चोर्ला घाटातला रस्ता. फातोर्ड्याचं स्टेडियम, पोरांनी फोनवर घेतलेली चित्रं.

सुरुवात छान झाली. ताजिकिस्तानला त्यांच्या भूमीवर २-१ हरवलं, काफा नेशन्स कपात ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून तिसरा क्रमांक. १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२, आणि २०२७ च्या आशिया कपाचं दार बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दृश्य : नोव्हेंबर २०२५. गाड्यावर ऊन. तीच मंडळी.

आता कोच बदला म्हणणारे वाढलेत. आम्हाला ते पटत नाही. हाँगकाँगची हार आणि शिलाँगची बरोबरी खालिदच्या आधीची आहे, अर्धी पात्रता फेरी तिथंच निसटली होती. सय्यद अब्दुल रहीम १९५० पासून १९६३ पर्यंत भारताचे कोच होते. त्या तेरा वर्षांत १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं आली, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात चौथा क्रमांक आला. रहीम हैदराबादचे शिक्षक होते. त्यांना वेळ दिला गेला, आणि परदेशी कोचच्या उरलेल्या सामन्यांपुरतं कुणी बसवलं नाही. खालिदना निदान पुढची पात्रता फेरी पहिल्या सामन्यापासून मिळायला हवी.

हे आम्ही गाड्यावरही बोललो.

आवाज, सुभेदारकाका : "द्या की वेळ. मी कुठं नको म्हणूलालोय? पण रहीमसाहेबांकडं चुनी गोस्वामी हुता, पी. के. बॅनर्जी हुता. खालिदकडं गोल मारणारा कोण हाय? आधी ते सांगा."

तरुण : "रायन विल्यम्स येतोय की काका. बेंगळुरूचा. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतलाय त्यानं."

सुभेदारकाका : "म्हणजे कोच आपला पायजे आणि प्लेअर भायेरचा?"

तरुण : "भायेरचा कसा? आई मुंबईची हाय त्याची!"

निळ्या जर्सीवाला इतका वेळ गप्प होता. विल्यम्स त्याच्या क्लबचा, म्हणून आता तो बोलायला उठलाय.