कोंबडीचं जेवण आणि तिसरा पक्ष

[पडद्यावर: ऑकलंडचा नकाशा, 16 व्या मतदारसंघाची हद्द]

फेब्रुवारी 1999. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये पोटनिवडणूक लागली आहे. तिचं मूळ मात्र दूर वॉशिंग्टनमध्ये. आदल्या वर्षी खासदार रॉन डेलम्स यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी राज्याच्या सिनेटमधून बार्बरा ली गेल्या, लींच्या जागी असेंब्लीतले, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहातले, डॉन पेराटा गेले आणि असेंब्लीतली पेराटांची खुर्ची रिकामी झाली.

मतदारसंघ म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. रिपब्लिकन पक्षाने तर उमेदवारच दिला नाही. डेमोक्रॅटांचे एलाइहू हॅरिस रिंगणात होते. आठ वर्षं शहराचे महापौर, त्याआधी बारा वर्षं आमदार. निकाल लागल्यातच जमा होता.

पर्यावरणवादी छोट्या ग्रीन पार्टीतर्फे अर्ज भरला ऑडी बॉक यांनी. बाई जपानी सिनेमाच्या अभ्यासक. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर त्यांचंच. राजकारणातलं वजन विचाराल, तर शून्य.

पहिल्या फेरीत हॅरिस 49 टक्क्यांच्या आसपास अडकले. निम्म्याच्या वर गेले असते, तर विषय तिथेच मिटला असता. दुसऱ्या क्रमांकावरही डेमोक्रॅटच. बॉक यांच्या पदरात पडली 9 टक्क्यांच्या आसपास मतं. पण तेव्हाचा नियम असा की दुसऱ्या फेरीत पहिले दोन जात नसत, प्रत्येक पक्षाचा पहिला जाई. त्यामुळे बॉक यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मतं घेतलेले ते दुसरे डेमोक्रॅट घरी बसले आणि बॉक थेट हॅरिस यांच्या समोर उभ्या राहिल्या.

[पडद्यावर: कूपनचं रेखाचित्र]

आता ही कूपनं बघा. मतदान करून या, मतपत्रिकेची चिठ्ठी दाखवा आणि कोंबडीचं जेवण फुकट खा. हॅरिस यांच्या बाजूच्या प्रचारात वाटलेली ही कूपनं पुढे गाजली ती भलत्याच कारणाने. कोंबडीच्या बदल्यात आपण मत देऊ, असं यांना वाटलंच कसं, म्हणून लोक भडकले. त्यात पोटनिवडणुकीची दुसरी फेरी, मतदानाला फार कोणी फिरकलं नाही. काहीशे मतांच्या फरकाने बॉक निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्य विधिमंडळात पोचलेल्या त्या ग्रीन पार्टीच्या पहिल्या आमदार.

तिसऱ्या पक्षाचा उमेदवार म्हटलं की पहिला आरोप ठरलेला: हा मतं खायला उभा आहे. इथे खायला मतं कोणाची होती? दुसरा मोठा पक्ष मैदानातच नव्हता. आमच्या मते ऑकलंडची खरी गोष्ट कोंबडीची नाही, या मोकळ्या सोडलेल्या जागेची आहे. राज्यांच्या विधिमंडळांत अशा जागा कमी नसतात. बालेकिल्ल्यात पडायचंच आहे, तर खर्च कशाला, असा हिशेब करून मोठे पक्ष त्या सोडून देतात.

[पडद्यावर: वायोमिंग, ग्रीन रिव्हर]

2020 साली वायोमिंग राज्याच्या विधिमंडळाच्या 39 व्या मतदारसंघात हेच घडलं. रिपब्लिकन उमेदवार नाही. सरकारी हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाच्या मार्शल बर्ट यांनी डेमोक्रॅट आमदाराला पाडलं. 2022 मध्ये रिपब्लिकनांनी उमेदवार दिला आणि बर्ट पडले.

बॉक यांनी तर पुढच्या निवडणुकीची वाटही पाहिली नाही. त्याच वर्षी ग्रीन पार्टी सोडून त्या अपक्ष झाल्या. तेव्हा अपक्षाला पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत उतरावं लागत नसे, थेट नोव्हेंबरच्या मतदानाला सामोरं जाता येई, असा त्यामागचा हिशेब. ज्यांनी दारोदार फिरून त्यांचा प्रचार केला होता, त्यांना हे झोंबलं नसतं तरच नवल. 2000 मध्ये डेमोक्रॅटांच्या विल्मा चॅन यांनी ती जागा परत घेतली.

टिकून राहिलेलं उदाहरण हवं असेल, तर व्हर्माँट राज्यात जावं लागतं. 1981 मध्ये बर्नी सँडर्स अपक्ष म्हणून तिथल्या बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले, अवघ्या 10 मतांनी. त्यांच्याभोवती जमलेल्या गटाने आधी वॉर्ड धरले. नगर परिषदेत माणसं बसवली, गल्लीगल्लीत ओळखी केल्या, आणि 1990 मध्ये राज्याच्या सभागृहात दोन आमदार पाठवले. पुढे या गटाचा रीतसर प्रोग्रेसिव्ह पक्ष झाला. तीन दशकांनंतरही त्याचे आमदार सभागृहात दिसतात. त्यातले कित्येक मतपत्रिकेवर नावापुढे आपल्या पक्षाच्या अक्षरासोबत डेमोक्रॅटांचंही अक्षर लावून लढतात. एका नावापुढे दोन पक्ष! कडव्या कार्यकर्त्यांना ही तडजोड वाटते, पण निवडून येणारे त्या अक्षराची लाज बाळगत नाहीत.