उतारावरचे तांबडे पाणी

(मोबाइलवर टिपलेले दृश्य : मुसळधार पाऊस, घराचे फाटक, चढाच्या पायथ्याची भेग)

हे चित्रण गेल्या जुलै महिन्यातील आहे. बेलापूरच्या पारसिक टेकडीवरील एका घरासमोर पाऊस कोसळत आहे. फाटकापासून घरापर्यंत गाडी नेणाऱ्या काँक्रीटच्या चढावरून वाहत येणारे पाणी जवळजवळ स्वच्छ आहे, पण त्याच चढाच्या पायथ्याशी पडलेल्या भेगेतून बाहेर येणारे पाणी तांबडे आणि गढूळ आहे. दोन्ही पाण्यांच्या रंगातील हा फरक नीट पाहावा. वरचे पाणी आभाळातून पडून थेट उताराला लागले आहे, आणि खालचे पाणी चढाच्या पोटातील मुरूम बरोबर घेऊन निघाले आहे.

(दृश्य : उंचावरून दिसणारी टेकडी, पाम बीच रस्ता, पलीकडे खाडी)

नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि पुढच्या काही दशकांत खाडीकाठच्या सपाट जमिनीबरोबर या टेकडीच्या उतारावरही घरे उभी राहिली. त्यांपैकी हे घर १९९४ सालचे आहे. उतारावर सपाट जागा आयती मिळत नाही, ती करून घ्यावी लागते. वरच्या अंगाला डोंगर तोडायचा, त्यातून निघालेला दगड आणि मुरूम खालच्या अंगाला पसरायचा, आणि अर्धी जागा अस्सल खडकावर तर अर्धी भरावावर अशी तयार झाली की तिच्यावर बांधकाम करायचे, अशी ही पद्धत आहे. पद्धत चुकीची नाही. मात्र भराव थराथराने, प्रत्येक थरावर पाणी मारून दाबत आणावा लागतो. येथे तो ट्रकमधून ओतून वरवर सपाट केला गेला आणि त्याच्यावर चार इंच जाडीचे काँक्रीट टाकण्यात आले.

ही टेकडी दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचा हा खडक ताजा असताना पहारीलाही दाद देत नाही, परंतु वर्षानुवर्षे पाणी मुरून तो कुजला की त्याचा मुरूम होतो, जो कोरडा असताना घट्ट बसतो आणि त्यातून पाणी सतत वाहत राहिले तर त्याच्यातील बारीक कण एकेक करून निघून जातात. पावसाळ्यात वरच्या उतारावर पडलेले पाणी मुरते, खडकाच्या माथ्यावरून जमिनीखालून घरंगळते आणि जेथे खडक संपून भराव सुरू होतो तेथे वाट शोधते. या घरापाशी पाण्याची ती वाट चढाखालून होती.

पाण्याचे मान किती असते, याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब सांगणे आवश्यक वाटते. हा चढ २४ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद आहे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि या भागात जुलै महिन्यात असा दिवस नवलाचा नसतो, तर एकट्या चढावर साडेआठ हजार लिटरांहून अधिक पाणी पडते. यात वरच्या डोंगरातून मुरत येणारे पाणी धरलेले नाही.

(जवळून दृश्य : खिडकीत ठेवलेली काचेची बाटली)

पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी घरच्या काकूंना पहिल्याच भेटीत सांगितले होते की, भेगेतून येणारे पाणी एका बाटलीत भरा, ती हलवू नका, तशीच ठेवा. दोन दिवसांनी बाटलीतील पाणी निवळले आणि तळाशी बोटभर जाडीचा तांबडा गाळ बसला. दर पावसाळ्यात फाटकाशी साचणारा हा चिखल काकू वीस वर्षे झाडूने लोटत आल्या होत्या. तो आपल्याच अंगणाखालून येत आहे, हे त्यांना त्या बाटलीने दाखवले.

(दृश्य : हातोडीने ठोकून पाहणारा अभियंता, फोडलेल्या तुकड्यावर पडणारा थेंब)

खाडीकाठी घराला भेग पडली की खाऱ्या हवेला दोष देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. खाऱ्या हवेचा दोष असतोच. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडी सळीवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की सामू उतरतो, क्षार आत गेले की तोच थर फुटतो, आणि सळी गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो काँक्रीट आतून फोडतो.

परंतु चढाच्या काँक्रीटचा हा तुकडा पाहा. फोडलेल्या ताज्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण टाकले आहे. जेथे काँक्रीट अजून निरोगी आहे तेथे ते गडद गुलाबी होते आणि जेथे त्याचा अल्कगुण संपला आहे तेथे त्याला रंगच येत नाही. वरचा इंचभर भाग बिनरंगी आहे, जे तीस वर्षांनी अपेक्षितच होते. मध्यभागी मात्र ठसठशीत गुलाबी रंग आला आहे. आता याच तुकड्याची भेगेकडील कड पाहा, तेथे वरपासून तळापर्यंत गुलाबी रंगाचा ठिपकाही नाही. याचा अर्थ असा की, हवा या काँक्रीटमध्ये वरून शिरून त्याला मारू शकली नव्हती. तिला वाट भेगेने करून दिली, आणि भेग पडली ती खालचा आधार निघून गेल्यामुळे.

(दृश्य : ब्रेकर, धूळ, उचललेला पहिला तुकडा)

काम जानेवारीत सुरू झाले. ब्रेकरने पहिले दोन पट्टे फोडून झाल्यावर तिसऱ्या पट्ट्यापाशी आवाज बदलला आणि ब्रेकरचे टोक एकदम आत गेले. मुकादम जालन्याकडचे आहेत आणि अशी कामे त्यांनी या परिसरात पुष्कळ केली आहेत. तुकडा बाजूला सारून ते म्हणाले, “काकू, हात घालून बघा.” काकूंचा हात कोपरापर्यंत आत गेला. वर गाडी उभी राहत होती आणि खाली हात मावेल एवढी पोकळी होती, आणि ती नेमकी जेथे तोडलेला खडक संपून भराव सुरू होतो त्याच रेषेवर आडवी पसरली होती. तळाशी सापडलेली सळ्यांची जाळी थेट मुरुमावर टेकलेली होती. टाकताना तिच्याखाली आधार दिला गेला नव्हता, त्यामुळे तीस वर्षे ती ओल्या मातीत पडून राहिली. मूळच्या आठ मिलिमीटरच्या सळीचे एक टोक मुकादमांनी चिमटीत धरले आणि ते पापडासारखे मोडले.

(दृश्य : डोंगराच्या अंगाला खणलेला चर, छिद्रांचा पाइप, खडी)

या चित्रणाचा सर्वांत मोठा भाग आम्ही या चरासाठी ठेवला आहे, कारण काम पूर्ण झाल्यावर तो कोणालाही दिसणार नाही. चढाच्या डोंगराकडील बाजूने संपूर्ण लांबीभर दोन फूट खोल चर खणण्यात आला. त्यात आधी जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरले, त्यावर धुतलेली खडी पसरली आणि तिच्यात ११० मिलिमीटर व्यासाचा छिद्रे पाडलेला पाइप, छिद्रे खालच्या बाजूस येतील असा ठेवला. पाइपची छिद्रे वर असावीत असे पाहणाऱ्याला वाटते, पण जमिनीतील पाणी खालून चढत येते आणि छिद्रे खाली असली की ते लवकर पाइपात शिरते. खडी भरून झाल्यावर कापडाची दोन्ही टोके वरून एकमेकांवर घेण्यात आली, म्हणजे पाणी आत येईल आणि मुरूम बाहेर राहील. पाइपचे दुसरे तोंड फाटकाबाहेरच्या पावसाळी गटारात, उघड्यावर, दिसेल असे काढले आहे.

मुकादमांनी मध्येच एक सूचना केली होती, की फोडलेल्या जुन्या काँक्रीटचा चुरा खडीऐवजी चरात भरावा, म्हणजे तो वाहून नेण्याचा खर्चही वाचेल. सूचना काटकसरीची होती, तरी अभियंत्यांनी ती मानली नाही. जुन्या काँक्रीटमधून चुना पाझरतो, कापडावर आणि पाइपच्या छिद्रांवर त्याचे पुट चढते आणि काही वर्षांत निचरा बंद पडतो. खडी बसाल्टचीच आणली गेली.

त्यानंतर सैल भराव काढून उताराला पायऱ्यांसारखे टप्पे कापले, कारण तिरक्या पृष्ठभागावर टाकलेला नवा भराव सरकतो आणि टप्प्यावर टाकलेला जागेवर बसतो. सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम पसरून, पाणी मारून, यंत्राने दाबून तो वर आणला. त्यावर हाताने रचलेले दगडी सोलिंग आणि सळ्यांविना साध्या काँक्रीटचा थर (पीसीसी) झाला. चढाच्या पायथ्याशी जमिनीत एक खोल तुळई घातली आहे. चोवीस मीटरची काँक्रीटची लादी (स्लॅब) आपल्याच वजनाने खाली सरकू पाहते, तिला ही तुळई टाचेसारखी अडवून धरते.

(दृश्य : खुर्च्यांवर उचललेली सळ्यांची जाळी; घमेल्यांची साखळी)

आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किनारपट्टीच्या हवेत उघड्यावर राहणाऱ्या, सळ्या घातलेल्या काँक्रीटसाठी ताकदीचा किमान एम ३० दर्जा, पाणी-सिमेंटचे प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळीवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटरचे आवरण अपेक्षित आहे. येथे लादीची जाडी १५० मिलिमीटर ठेवली, सिमेंट स्लॅगचे, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले, घेतले आणि जाळी या वेळी सळ्या वाकवून केलेल्या आधारांवर, म्हणजे खुर्च्यांवर, उचलून वरच्या भागात आणली.

एकूण काँक्रीट १३ घनमीटर लागले. ते तीन दिवसांत, रोज दोन पट्टे, आणि खालून वर असे टाकले गेले. वरून सुरुवात केली असती तर ओले काँक्रीट खाली घसरत आले असते. घट्ट काँक्रीटला पंप चालत नाही, म्हणून मिक्सरची गाडी फाटकाशी उभी करून माणसांच्या साखळीने घमेली वर चढवली गेली. रोज चारशेहून अधिक घमेली, आणि तीही पाणी मिसळल्यापासून दोन तासांच्या आत. या साखळीत उभ्या असलेल्या बायका-पुरुषांचे हात पाहावेत.

काँक्रीट घट्ट वाटले की त्यात पाण्याचा नळ सोडण्याची सवय सर्वत्र आहे. येथेही पहिल्या दिवशी चालकाने नळाला हात घातलाच होता. अभियंत्यांनी त्याला थांबवले आणि आधी एक फूट उंचीच्या शंकूत काँक्रीट भरून चाचणी घेतली. शंकू उचलल्यावर ढीग ७० मिलिमीटर खाली बसला, म्हणजे उतारावर जेवढे हवे तेवढेच ते घट्ट होते. नळ बंद राहिला. वरचा थर थापीने गुळगुळीत न करता त्यावर आडवा झाडू ओढला आहे, ज्यामुळे पावसात चाक घसरणार नाही, आणि संपूर्ण लादीला डोंगराकडच्या गटाराच्या दिशेने थोडा आडवा कल दिला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये यंत्राने ४५ मिलिमीटर खोल काप घेतला. काँक्रीट आकसताना त्याला कोठेतरी तडकावे लागते. ते या कापातच तडकावे आणि कापातून पाणी खाली जाऊ नये, म्हणून पुढे तो सीलंटने भरला.

सपाट लादीवर सिमेंटचे वाफे करून पाणी साठवता येते. उतारावर ते थांबत नाही. म्हणून चौदा दिवस गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवण्यात आले. पहाटेची पाळी काकूंनी घेतली होती.

(दृश्य : गोणपाटावर पाणी शिंपडणाऱ्या काकू, पायऱ्यांवरून खुर्चीतून उतरवल्या जाणाऱ्या आजी)

फोडलेले सुमारे २० टन काँक्रीट खाडीकाठच्या खारफुटीत न टाकता महापालिकेने ठरवलेल्या ठिकाणी पोहोचवले गेले, खालच्या घराच्या कुंपणभिंतीची डागडुजीही याच खर्चात झाली, आणि चढ बंद असलेल्या काळात घरातील आजींना दवाखान्यात नेताना दर वेळी खुर्चीत बसवून बाजूच्या पायऱ्यांवरून उतरवावे लागले. शेवटचा पट्टा टाकल्यानंतर २९ व्या दिवशी गाडी वर गेली.

(दृश्य : जूनमधील पाऊस, गटारात उघडलेले पाइपचे तोंड)

हे चित्रण या वर्षीच्या जूनमधील आहे. पहिल्या मोठ्या पावसात पाइपच्या तोंडातून आलेले पाणी किंचित गढूळ होते, कारण खडीवरची भुकटी धुऊन निघत होती. तिसऱ्या दिवशी काकूंनी छत्री धरून गटाराशी वाकून तीच काचेची बाटली पुन्हा भरली आणि खिडकीत ठेवली. दोन दिवसांनी आम्ही ती पाहिली. पाण्यातून पलीकडच्या खिडकीचे गज दिसत होते आणि तळाशी काहीही बसलेले नव्हते.