हॅप्-म्-हॅपी: हाँगकाँगच्या बोलण्यातली इंग्रजी

[दृश्य: हाँगकाँगमधलं एक ऑफिस, जेवणाच्या सुट्टीआधीची गडबड]

"बुक-चो वइ मेइ आ?" टेबल बुक केलं का?

यात 'बुक' तेवढा इंग्रजी, बाकी वाक्य कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी. 'चो' हा क्रिया पुरी झाल्याचा प्रत्यय. त्यातला च 'चमचा'मधला. मराठीत आपण इंग्रजी शब्दाला 'करणे' जोडतो: बुक केलं, चेक केलं. कँटोनीजला तो टेकू लागत नाही. चेक-चो, तपासलं. चेक-कन, तपासतोय. चेक-क्वो, पूर्वी कधीतरी तपासलेलं आहे. इंग्रजी क्रियापद त्याचा भूतकाळ बाहेर ठेवूनच आत येतं. 'चेक्ड-चो' कुणी म्हणत नाही.

नामांचंही तसंच. तीन फाइल म्हणजे 'साम को फाइल'. अनेकवचनाचा 'स' गेला, आणि आकडा व वस्तू यांच्यामध्ये 'को' हा मोजणीचा शब्द आला. नवशिके नेमका हा 'को' विसरतात.

[दृश्य: दोन मैत्रिणी, मेट्रोच्या फलाटावर]

"नेइ हॅप्-म्-हॅपी आ?" तू खूश आहेस ना?

कँटोनीजमध्ये हो-नाहीचा प्रश्न क्रियापद दोनदा म्हणून, मधे नकाराचा 'म्' घालून विचारतात. शब्द दोन अक्षरांचा असेल तर पहिल्या खेपेला पहिलंच अक्षर पुरतं. आवडतं का, हे 'चुंग्-म्-चुंगयी'. तोच साचा 'हॅपी'वर बसला. 'अंडरस्टँड'चंही 'अन्-म्-अंडरस्टँड' होतं. इंग्रजीत त्या 'अन्'ला एकट्याने काही अर्थ नाही, पण साचा अर्थ बघत नाही, आवाज मोजतो. ही इंग्रजी-कँटोनीज मिसळ म्हणजे आळशी खिचडी, असं म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी नीट ऐकावं.

[दृश्य: माध्यमिक शाळेचा वर्ग]

इंग्रजी शब्दांचा मोठा पुरवठा शाळेतून होतो. १९७४ पर्यंत इंग्रजी हीच इथली एकमेव अधिकृत भाषा होती. १९९८ मध्ये बहुतेक माध्यमिक शाळा चिनी माध्यमाकडे वळल्या. ११४ शाळांना इंग्रजी ठेवायची मुभा मिळाली. इंग्रजी पुस्तकातला धडा कँटोनीजमध्ये समजावला, की पारिभाषिक शब्द इंग्रजीच राहतात आणि पुढे ऑफिसात तसेच येतात.

कॅनडा-ऑस्ट्रेलियात वाढून परतलेली मुलं मात्र वेगळं मिसळतात: अर्धं वाक्य कँटोनीज, पुढचं अख्खं इंग्रजी. स्थानिक कानाला ते लगेच कळतं, आणि बऱ्याचदा खटकतं. एखादा शब्द चालतो. पूर्ण वाक्य म्हणजे भाव खाणं.